दादाच्या कोटातली माया

दादा गेला आणि हिंगणघाटच्या बाजारातलं त्याचं शिलाईचं दुकान माझ्या गळ्यात आलं. विषमज्वरानं धडधाकट माणूस हां हां म्हणता संपला. कापड कापायला मी त्याच्याकडूनच शिकलो होतो, पण माझं मन त्यात कधीच नव्हतं. त्याच्या जागेवर बसून पाय हलवले की मशीन त्याच्याच चालीत चालायची. घर दुकानाच्या मागंच होतं. भाकरी थापता थापता आई दारात यायची, मला पाहायची आणि परत जायची. कोणाला पाहायला ती येते, ते मला ठाऊक होतं. मी दुपारीच दुकान बंद करू लागलो. गिऱ्हाईक तुटत चाललं.

वर्षश्राद्ध झालं आणि वहिनीच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. खरं तर ते आदल्या साली व्हायचं, दादामुळं थांबलं होतं. माझे वडील आबा, आई, वहिनी आणि मी, सगळेच निघालो. दादा गेल्यापासून आम्ही मिळून कुठं गेलोच नव्हतो. समुद्रपूरपर्यंत मोटार आणि पुढं बैलबंडी. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती.

"औंदा कापूस बरा दिसते," आबा म्हणाले. वहिनी मागं तोंड करून, सरत्या रस्त्याकडं पाहत बसली होती.

लग्नाच्या आदल्या दुपारी नवरदेवानं मला कोठीच्या खोलीत बोलावलं. त्याच्या अंगात काळा कोट होता. दादानं गेल्या साली त्याच्यासाठीच शिवलेला. वर्षभरात पोरगा भरला होता, बटणं लागत नव्हती.

"दुसरा कोणाचा तरी घाल ना," मी म्हणालो.

"नाई भाऊ. भाटव्यानं शिवला व्हता. मले हाच घालाचा हाय. तुमाले जमते, नाई काऊन म्हणता?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण त्यानं कोट काढून माझ्या मांडीवर ठेवला होता.

खिडकीशी बसून मी बाजूची शिवण उसवली. आत काळा दोरा संपून मध्येच निळा लागला होता. दादा असाच, हाताला येईल तो दोरा ओवायचा. टाक्यांत हिंगणघाटच्या सरकी काढणाऱ्या जिनांचा कापूस अडकला होता, हवेत उडणारा, आमच्या सगळ्यांच्या केसांत बसणारा. आणि आत दोन्ही बाजूंना बोट बोट माया सोडलेली. शिवणीतल्या जास्तीच्या कापडाला आम्ही मायाच म्हणतो. तिच्यावर खडूची रेघ होती. उजेड न लागल्यानं जशीच्या तशी, आत्ताच ओढल्यासारखी. पोरगा भरणार, हे दादानं धरलं होतं. कुठवर सैल करायचं, तेही आखून ठेवलं होतं.

माझ्या अंगावर काटा आला. खोलीत कोणी नव्हतं, तरी मी मागं वळून पाहिलं.

मग सुई ओवली. त्या रेघेवरून हातटाका घालत गेलो. बाहेर वाजंत्री आली, जेवणाची हाक झाली, मला काही ऐकू आलं नाही. पाठीवर झोळ पडत होता, तो मी माझ्या मनानं काढला. तिथं दादाची रेघ नव्हती. कोट उलटून पाहिला आणि मला हसू आलं. लगेच लाजही वाटली. त्याच्या मागं एवढा आनंद मला व्हावा?

दुसऱ्या दिवशी नवरदेव मांडवात पाठमोरा उभा राहिला, थेट दादासारखा, आणि बायकांत बसलेली आई एकदम उठली. दोन पावलं पुढं गेली. मग त्यानं मान वळवली. आई तिथंच थांबली. मी जाऊन तिचा हात धरला.

"कोट तू केला?" तिनं विचारलं.

"दादानंच. पाठ मी केली."

ती बराच वेळ त्या पाठीकडं पाहत राहिली. "मले झंपर शिवून देजो," म्हणाली. वर्षभरात तिनं अंगाला नवं कापड लावलं नव्हतं.

पुढं म्हातारा होईस्तोवर मी शिवत राहिलो, आवडीनं शिवत राहिलो. काम मनासारखं चाललं की खांद्यामागं कोणी उभं असल्यासारखं वाटायचं. भीती गेली नाही, पण मी वळून पाहणं सोडलं. आईचं पहिलं झंपर दंडात आवळलं. दुसरं नीट बसलं. पहिलं मात्र तिनं उसवू दिलं नाही.