बुजगावण्याचा शर्ट

ऐंशीच्या सुमाराला मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रावर सायकलने कामाला जायचो. वाटेतल्या हरभऱ्यात नुसत्या दोन काठ्यांचं, उघडंवाघडं बुजगावणं दिसायचं. एकदा मला त्याची दया आली आणि मी माझा जुना खाकी शर्ट त्याला चढवला. शेतातली बाई खुरपं टाकून हसतच धावत आली.

“काढा भाऊ! लय अळी पडलीय. पाखरू काठीवर बसतं नि अळी टिपतं. फवारणीचं कामच नाय!”

शर्ट मात्र तिने ठेवून घेतला. पुढच्या पावसाळ्यात बाजरी भरली, तेव्हा तो बुजगावण्याच्या अंगात होता. खिशात दोन कणसं खोचलेली आणि एक साळुंकी बिनधास्त दाणे टिपत होती.

“आता पाखरं हाकलताय ना?” मी विचारलं.

“हाकलते की! पण अळ्या वेचल्याची मजुरी देऊन.”