सुपडू, पुंडलिक आणि लोखंडी घोडी

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. घरातल्या डब्यात जुने नटबोल्ट पडत जातात, तसं होतं. एक दिवस डबा सरकवायला जावं, तर हलत नाही! माझ्याजवळ असाच एक डबा भरलाय. तो एकट्यानं उघडावा लागतो, एवढंच वाईट वाटतं.

मी नशिराबादचा. उभं आयुष्य जळगावच्या एका डाळमिलमध्ये पोती उचलण्यात गेलं. तरुणपणी तिथंच दोन मित्र जोडले. एक यावलचा सुपडू, तो पुढं घरच्या केळीच्या बागेत परतला. दुसरा धुळ्याचा पुंडलिक, तो सरकारी जीपवर ड्रायव्हर झाला. ऐंशी साल उलटल्यावर तिघांकडंही जुन्या का होईना, मोटारसायकली आल्या. मग एखाद्या रविवारी दोघं माझ्या अंगणात यायचे आणि आम्ही गाड्या खोलून बसायचो. चेन धुवायची, चाक काढायचं, ब्रेक साफ करायचे. मेकॅनिकचं तोंड बघायचं नाही, ही पुंडलिकची जिद्द!

आता दोघंही नाहीत. ज्या लोखंडी घोडीवर आम्ही गाड्या चढवायचो, तिच्यापायीच ते एकमेकांपासून तुटले, ते तुटलेच. म्हणून हे किस्से सांगताना हसू येतं खरं, पण टिकत नाही.

*

घोडी म्हणजे पाइपाचा एक स्टँड, खाली दोन लहान चाकं. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांनी आत सरकवायचा, त्याचा लांब दांडा खाली दाबायचा, की मागचं चाक अधांतरी. पुंडलिकनं त्याच्या साहेबाच्या मासिकात शर्यतीच्या गाड्यांचा फोटो पाहिला आणि तेव्हापासून त्याला झोप नाही. सुपडूला तर गरजच होती. केळीच्या बागेत बांधाला अडकतो म्हणून त्यानं गाडीचा डबल स्टँड कापूनच टाकला होता!

जळगावच्या वेल्डरनं विचारलं, "उंची किती?"

पुंडलिकनं स्वतःचा गुडघा दाखवला. तो ताडमाड माणूस!

पहिल्यांदा गाडी चढवली, तर मागचा भाग आभाळाला आणि हेडलाइट जमिनीला. टाकीच्या झाकणातून पेट्रोल टपटपायला लागलं. सुपडू कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "पुंडलिक, गाडी दंडवत घालून राह्यली! प्रसाद काय वाटतू?"

घोडीचे पाय त्याच दिवशी कापून आणले.

*

माझं अंगण शेणानं सारवलेलं. गाडी घोडीवर चढवून आम्ही चहाला वळलो, तेवढ्यात घोडीचं एक चाक जमिनीत रुतलं आणि गाडी कलली. तिघांनी मिळून धरली, ओढली, सरकवली. गाडी वाचली, पण अंगणात ही लांब चर पडली.

आमची मंडळी बाहेर आली. अंगणाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं.

"बैल विकले म्हणून आता मोटारसायकलीनं नांगरता का?"

पुढच्या वेळी पुंडलिकनं धुळ्याहून येताना शहाबादी फरशी गाडीला बांधून आणली. म्हणाला, "वहिनी बोलतात ते खरं. खाली पक्कं नसलं तर वर गाडी चढवूच नये." आणि ती फरशी त्यानं स्वतःच्या हातानं बसवली. वर आमच्या मंडळीकडून चर पण सारवून घेतली नाही, ती त्यानंच सारवली. सरकारी ड्रायव्हर!

*

घोडीवर गाडी असताना पुढचा ब्रेक दाबून बांधायचा, म्हणजे ती पुढं सरकत नाही. हाही पुंडलिकचा नियम. एकदा बांधायला काहीच सापडेना. सुपडूनं पिशवीतून केळीचं सोपट काढलं. केळीच्या खोडाची ओली पट्टी. यावलकडं भाजीच्या जुडीपासून बागेच्या फाटकापर्यंत सगळं सोपटानं बांधतात.

"याच्यानं हत्ती बांध!" सुपडू म्हणाला.

बांधलं, आणि भरीत-भाकरीला बसलो. बाहेर वैशाखाचं ऊन. ओलं सोपट चिवट असतं हो, पण वाळलं की पापड! ते तुटलं, ब्रेक सुटला, आणि गाडी घोडीसकट उतारानं निघाली ती तुळशीला जाऊन टेकली.

आमची मंडळी म्हणाली, "बघा, तुमच्यापेक्षा तिला देवाधर्माचं जास्त कळतं!"

त्यानंतर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आली. सुपडू मात्र शेवटपर्यंत म्हणायचा, चूक सोपटाची नाही, उन्हाची.

*

लग्नात आहेराला टॉवेल-टोपी मिळते. सुपडूकडं अशा टॉवेलांची थप्पी. एकदा चेन पुसायला त्यानं कोराकरकरीत टॉवेल घेतला. हातानं चाक फिरवायचा कंटाळा आला म्हणून पठ्ठ्यानं इंजिनच चालू केलं आणि गिअर टाकला! चाक गरागरा फिरतंय, हा टॉवेल धरून बसलाय. बघता बघता टॉवेलाचं टोक चेनमध्ये गेलं, आणि पाठोपाठ अख्खा टॉवेल.

पुंडलिकनं झेप घेऊन इंजिन बंद केलं. सुपडूचा हात हातात घेतला, एकेक बोट चाचपून बघितलं. मग त्याच हातावर एक चापट मारली.

"कोनना लग्नातला टॉवेल व्हता?"

"माह्या साडूच्या पोराच्या."

"त्याले सांगजो, तुना आहेर कामले उना!"

अशी जपणूक होती बघा. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं ते याच दोघांत झालं.

*

गाडी घोडीवर चढवताना एकानं दांडा दाबायचा आणि दुसऱ्यानं गाडी उभी धरायची. चढून बसेपर्यंत धरणाऱ्यानं हात सोडायचा नाही. त्या दिवशी धरायला सुपडू होता. मी घरात पाणी आणायला गेलो होतो. पुंडलिकनं घोडीचा दांडा अर्धा दाबून धरला होता, आणि पलीकडं वाकून घोडी नीट बसली का ते बघत होता.

तेवढ्यात माझे व्याही दारात आले. फेटा, काठी, सगळा थाट.

आता आमच्याकडं व्याह्याला एका हातानं राम राम करायची सोय नाही. सुपडूनं दोन्ही हात जोडले.

"राम राम, आबा!"

मी पाणी घेऊन बाहेर आलो तर गाडी पुंडलिकच्या पायावर. व्याही तसेच हात जोडून उभे, आणि सुपडूचेही हात अजून जोडलेलेच.

घोटा चुरला होता. जळगावला प्लास्टर घातलं, काढलं, पुन्हा घातलं. पाय काही सरळ पडला नाही. जीप गेली. साहेबानं पुंडलिकला ऑफिसात टपाल वाटायला बसवलं. ज्या माणसानं मुंबई-आग्रा रस्ता पालथा घातला, तो ह्या टेबलाकडून त्या टेबलाकडं.

दवाखान्यात सुपडू खाली मान घालून बसला होता. पुंडलिकच त्याला समजावत होता, "अरे, व्याहीले राम राम त करनाच पडस!"

सुपडू हसला नाही. उठून गेला, आणि त्यानंतर माझ्या अंगणात आला नाही.

*

मी यावलला जायचो. "चल रे, तो वाट बघतो." सुपडू विषय केळीवर न्यायचा. भाव काय, पाणी किती, घड कसे पडले. निघायची वेळ झाली की विचारायचा, "पाय कसा हाये?" उत्तर ऐकायला थांबायचा नाही.

हे मी धुळ्याला सांगितलं, तर पुंडलिक कपाळाला हात लावून म्हणाला, "पाय मना मोडना, अन् लंगडस हाऊ!"

*

शेवटी पुंडलिक स्वतः निघाला. नशिराबादला उतरला. मला म्हणाला, घोडी घे. एसटीच्या टपावर घोडी, खाली आम्ही दोघं, असे यावलला पोचलो.

सुपडूची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दारात आल्या. "ते मळ्यात गेले."

पुंडलिकनं उंबऱ्याजवळच्या चपलांकडं बघितलं.

वहिनी म्हणाल्या, "अनवाणीच गेले."

सुपडूची गाडी ओसरीपुढं भिंतीला टेकवलेली होती. मला धरायला लावून पुंडलिकनं ती घोडीवर चढवली. मागचं चाक खोललं. चाक उचलून खांद्याला लावलं, तसाच लंगडत एसटी स्टँडकडं चालायला लागला. जाताना वहिनींना एवढंच म्हणाला, "त्याले सांगा, चाक धुयाले शे."

मी मागं वळून बघितलं. घराच्या खिडकीत कोणीतरी उभं होतं.

*

दिवाळीनंतर मी यावलला गेलो. गाडी तशीच घोडीवर, बिनचाकाची. कोंबड्या खालून ये-जा करत होत्या. सुपडू बाजारालाही पायी जायचा.

मी म्हटलं, "अरे, जळगावला जुनं चाक मिळतं. आणून बसवू."

सुपडू घाईघाईनं म्हणाला, "नको, नको! चाक बसवलं तं मंग तो कायले येईन?"

तसाच मी धुळ्याला गेलो. पुंडलिक खाटेवर बसून तेच चाक मांडीवर घेऊन तारा पुसत होता. टायर धुतलेला, ॲक्सलला ग्रीस लावलेलं.

मी म्हटलं, "दे, मी नेऊन देतो."

"तू लई गया, त मंग तो कसाले यी?"

मला हसूच आलं. "अरे, तिकडं तोही हेच म्हणतो! चाक बसवलं तर पुंडलिक कशाला येईल!"

पुंडलिकचा हात थांबला. इतक्या दिवसांत त्याचा चेहरा असा फुललेला मी बघितला नव्हता.

"असं म्हने का तो?"

"असंच म्हणाला."

त्यानं चाक हळूच भिंतीला टेकवलं. वरून पोतं नीट पांघरलं. आणि खुशीत मांडीवर थाप मारून म्हणाला, "मंग राहू दे. यीच तो!"