यादीतलं पहिलं नाव

अकोले तालुक्यातल्या डोंगरात ओढ्याच्या अलीकडे वरची वाडी आणि पलीकडे खालची. स्नेहल वाकचौरे वरच्या वाडीची सून. संगमनेरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकली आणि लग्न होऊन इथं आली, तेव्हा लोकांनी परस्पर ठरवून टाकलं की पोरीचं शिक्षण वाया गेलं. दूधसंस्थेचे अध्यक्ष सहादेवभाऊ यांच्या मागे लागून लागून स्नेहलने संस्थेसाठी एक वेबपेज बनवलं.

काम गरजेचं होतं. जनावर आजारी पडावं आणि डॉक्टरांना फोन लागू नये, हे नेहमीचंच, कारण डॉक्टर कुठल्या तरी गोठ्यात आणि रेंज डोंगरापलीकडे. पेजवर आपली वाडी निवडायची आणि खालचं बटण दाबायचं. त्या दिवशी ज्या डॉक्टरांची पाळी असेल, त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर वाडीच्या नावासकट निरोप तयार. रेंज आली की तो आपोआप पोचणार. स्नेहलने घरी बसून पुन्हा पुन्हा तपासलं, एकदाही चुकलं नाही.

पहिल्याच आठवड्यात डॉ. भार्गवी पाठक निरोप वाचून घाईघाईने वरच्या वाडीत आल्या. तिथल्या सगळ्या गायी निवांत रवंथ करत होत्या. आजारी होती खालच्या वाडीतल्या बनुबाईची म्हैस. म्हैस वाचली, पण दोन दिवसांनी खालच्याच वाडीतल्या दुसऱ्या कुणाच्या तरी गायीसाठी पुन्हा तोच प्रकार झाला. मग बनुबाईच्या तोंडाला कोण हात लावणार?

"वरच्या वाडीची सून ती. तिला खालचं दिसंल कसं?" असं ती दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवू लागली.

त्यातच सहादेवभाऊ मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला घरी आले. ओट्यावर टेकले, खिशातलं पेन काढलं, छापलेल्या 'श्री.'पुढे 'बन्सी वाकचौरे व परिवार' असं लिहिलं आणि पत्रिका स्नेहलच्या सासूच्या, आक्काबाईंच्या हातात दिली. बन्सी म्हणजे स्नेहलचे सासरे. चहा झाल्यावर भाऊ जरा अवघडून म्हणाले, "सूनबाई, मेहनत लई केलीस. पर खालची मानसं ऐकंनात. सोमवारपातुर नीट झालं न्हाई तर बंद करू आपन."

या गावात स्वतःचं म्हणावं असं स्नेहलकडे तेवढंच एक काम होतं.

भाऊ गेल्यावर ती पत्रिका हातात घेऊन निरखू लागली. छापील अक्षरं सोनेरी आणि नाव निळ्या शाईत. छापखान्याला लग्नाची तारीख ठाऊक, कार्यालय ठाऊक, पण पत्रिका कुणाच्या दारात जाणार हे कुठून ठाऊक असणार? म्हणून तो तेवढी जागा कोरी सोडतो. आणि आपण काय केलं? सर्व्हरवर, म्हणजे पेज पाठवणाऱ्या दूरच्या कॉम्प्युटरवर, पेज तयार होतानाच बटणामागची अख्खी लिंक छापून टाकली. डॉक्टरांचा नंबर सर्व्हरला माहीत असतो, तो तिथेच घातला हे बरोबर. पण वाडी तर पेज मोबाईलवर पोचल्यानंतर माणूस बोटाने निवडतो. ती सर्व्हरला आधी कळणार कशी? त्याने आपलं यादीतलं पहिलं नाव घालून दिलं. आणि पहिलं नाव होतं वरची वाडी, स्नेहलनेच हौसेने सगळ्यात वर लिहिलेलं. घरी तपासताना ती निवडायचीही तेच, मग चूक दिसणार कुठून? तिला हसू आलं आणि लाजही वाटली, कारण बनुबाईचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

मग ती कामाला बसली. सर्व्हरने नंबर घालून वाडीची जागा कोरी सोडायची, आणि बोट ज्या वाडीवर पडेल तिचं नाव मोबाईलने त्याच क्षणी लिंकमध्ये भरायचं. वाडी निवडेपर्यंत बटण चालायचंच नाही. झालेली चूक तिने भाऊंना फोनवर जशीच्या तशी सांगितली.

सोमवारी बनुबाईच्या वासराला हगवण लागली होती. स्नेहल स्वतः ओढा ओलांडून गेली आणि पेज उघडून मोबाईल तिच्या हातात दिला.

"तुम्हीच दाबा, मावशी."

बनुबाईने शंकेखोर चेहऱ्याने वाडी निवडली आणि बटण दाबलं. 'खालची वाडी' अशी अक्षरं उमटली. ती तिने दोनदा वाचली आणि निरोप पाठवला. दुपारी डॉक्टरांची गाडी थेट खालच्या वाडीत येऊन उभी राहिली. बनुबाई शेजारणीला बोलावून बटण कुठं दाबायचं ते दाखवायला लागली.

दुसऱ्या दिवशी सहादेवभाऊ पुन्हा ओट्यावर हजर. हातात नवी पत्रिका.

"वहिनी, मागल्या खेपेला माझीबी तीच चूक झाली. ईचारलं न्हाई, सवयीनं घरातलं पयलं नाव घातलं. आता सांगा, कुनाचं घालू?"

आक्काबाईंनी सुनेकडे पाहिलं.

"ते 'श्री.' खोड आन सौ. स्नेहल वाकचौरे घाल," आक्काबाई म्हणाल्या. "फुडं 'व परिवार' लिव्ह. त्यात आमी आलो."