एक कॉम्प्युटर, दोन सिस्टीम आणि मधली मानीबाई

जेवणं व्हायच्या आधीच मानीबाईचे गुडघे बोलायला लागले होते. या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून या खोलीत. अंतर म्हणाल तर एका भिंतीचं. भिंतीच्या अलीकडे तिचा थोरला, जीवन, कॉम्प्युटरसमोर ताठ बसलेला. पलीकडे धाकटी सून उज्ज्वला मोबाईल हातात धरून उभी. आणि दोघांचे शब्द वाहून नेणारी मानीबाई.

दिग्रसच्या रस्त्यावरच्या त्या बंजारा तांड्यात धाकट्या भावाची बायको जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. तो समोर आला तर पदर पुढे ओढते, तो खोलीत असला तर उंबऱ्याबाहेर थांबते. जेठही तिला नावानं हाक मारत नाही. एकमेकांशी काम पडलंच तर तिसरं माणूस लागतं, आणि ते माणूस म्हणजे घरातली म्हातारी. शहरातल्या लोकांना हे ऐकून हसू येतं. हसा. तुमच्या फ्लॅटमध्ये सासू-सून महिना महिना बोलत नाहीत, त्याला तुम्ही ‘स्पेस’ म्हणता.

मानीबाई स्वतः पुसदकडून नवरी होऊन आली तेव्हा तिचाही जेठ होता. एकदा विहिरीचा दोर झिजलेला तिला दिसला. जेठ पाणी ओढत होता, सासू बाजारात गेलेली. सांगणार कोण? ती ताट बडवत उभी राहिली. जेठाला वाटलं, जेवायला बोलावते. दोर तुटला, बादली गेली. जेठ वाचला, पण पुढं जन्मभर त्याच्याशी एक शब्द न बोलता तिनं त्याला शेवटी मातीही दिली. मग सासू गेली आणि निरोपांची कामगिरी तिच्या गळ्यात आली. काही गाळायचं, काही गोड करायचं, घर भांडू द्यायचं नाही. याचा पगार कोणी देत नाही.

आता कॉम्प्युटरचं. तो जीवनचा. तांड्यातल्या लग्नपत्रिका, बॅनर सगळं तोच करतो. त्याची खरी कमाई म्हणजे जुन्या पत्रिका. कोणत्या घरात कोणत्या काकाचं नाव आधी, कोणत्या मामाचं नंतर, हे एकदा भांडून ठरलेलं त्यात पक्कं बसलंय. त्या घरी पुन्हा लग्न निघालं की जुनी पत्रिका उघडायची, नवरा-नवरी बदलायचे, मानपानाला हात लावायचा नाही. हे सगळं जुन्या मराठी फॉन्टात, आणि तो फॉन्ट चालतो विंडोजवरच. उज्ज्वला मोबाईलवर बघून बघून सॉफ्टवेअर तपासायचं काम शिकत होती. तिला लिनक्स पाहिजे होतं, विंडोजऐवजी चालणारी दुसरी, फुकटची सिस्टीम. दुसरा कॉम्प्युटर घ्यायची ऐपत नव्हती. धाकटा शाम कापसाच्या जिनिंगला कामाला, हंगामात घरी फक्त झोपायला येणारा. त्यानं जाता जाता तोडगा काढला, ‘एकाच डब्यात दोन्ही बसतात. दादाचं दादाजवळ, हिचं हिच्याजवळ.’

जीवननं अट घातली, ‘हात मी लावीन. तिनं नुसतं सांगायचं.’

म्हणजे काम कोणाच्या पायावर पडलं, ते आलंच. तांड्यात आईला याडी म्हणतात, सासूलाही; पहिली हाक उज्ज्वलाची आली.

“याडी, त्यायले इचारा, सगळ्या कामाची कॉपी दुसरीकडे घेतली का?”

भिंत एका विटेची, वर टिनाचं छप्पर. जीवनला सगळं ऐकू आलेलं. तरी तो स्क्रीनकडे बघत बसला. मानीबाई आत आली.

“कॉपी घेतली का म्हणते.”

“घेतली म्हण,” तो मोठ्यानं बोलला. मग आवाज खाली आणला. “यंदाच्या सीझनची घेतली. बाकीचं पेन ड्राइव्हात मावत नाही. तिले नको सांगू, मले शिकवत बसंल.”

मानीबाई पलीकडे गेली. “घेतली म्हणते.”

“मंग विंडोजमधलं ते फास्ट स्टार्टअप बंद करा म्हणा, अन् मशीन पुरती बंद करा. नुसती रोजच्यासारखी नाही, तशी ती अर्धी चालूच राह्यते.”

“फास्ट का काय ते बंद कर म्हणते. रोजच्यासारखं नाही.”

“केलं, केलं,” जीवन म्हणाला आणि रोजच्यासारखं बंद केलं. मग उज्ज्वलानं भरून दिलेला लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून मशीन पुन्हा चालू केली.

शेजारची मैनाबाई सुपारी कातरत ओट्यावर येऊन बसली होती. तिला फुकटचा तमाशा मिळाला होता.

“मानी, तू तं मोबाईलचा टावर झाली व. इकडून रेंज घेते, तिकडं देते.”

“टावरले बसाले तरी जागा देतेत,” मानीबाई म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. पाय लांब केले. बसल्यावर कळलं, की आता उठणं होणार नाही.

तेवढ्यात आतून जीवन. “याडी, इचार तिले. ती म्हणे, विंडोजच्या बाजूले बसव असं लिहून येईन. इथं तं ते नाही. डिस्क पुसून बसव, एवढंच दिसून राह्यलं. काय करू?”

मानीबाई हलली नाही.

“याडी?”

“तुमचं तुम्ही बोला. माझे पाय गेले.”

“मस्करी नको करू.”

“मस्करी कायची? दोघायचे कान शाबूत हायत.”

पलीकडे उज्ज्वलानं प्रश्न ऐकला होता. उत्तरही तिच्या ओठांवर होतं. पण ते न्यायला कोणी आलं नाही, म्हणून ती थांबली. अलीकडे जीवनही थांबला.

जीवनचा स्वभाव थांबण्याचा नव्हे. “बरं. मले काय समजत नाही का,” म्हणत त्यानं माऊस दाबला. “आता खात्री करा म्हणते. डिस्कवरचं सगळं जाईन, चालू ठेवू का म्हणते.”

सगळं जाईन. हे मात्र मानीबाईच्या कानात घुसलं. कॉपीचं खरं फक्त तिलाच माहीत होतं. पत्रिका गेल्या तर जीवनचा धंदा बसला, आणि खापर फुटणार ते धाकटीच्या डोक्यावर. मग ही भिंत पुरणार नाही, दारंही वेगळी होतील. उठावंसं वाटलं, पण गुडघा सरळ होईना. तिनं बसल्या जागेवरून मोठ्यानं सांगितलं,

“उज्ज्वला, यानं सगळी कॉपी नाही घेतली.”

हा कोणाचा निरोप नव्हता.

उज्ज्वला उंबरा ओलांडून आत आली. पदर होता डोक्यावर, पण खाली ओढायला हात मोकळा नव्हता. एकात मोबाईल, दुसरा स्क्रीनकडे रोखलेला.

“दादा, माऊसवरून हात काढा.”

जीवननं काढला. इतक्या वर्षांत तिचा आवाज त्यानं भिंतीतूनच ऐकला होता.

“तिथं मागं जायचं बटन हाय, तेवढंच दाबा. आता बाहेर निघा, मशीन बंद करा. तो लिनक्सचा पेन ड्राइव्ह काढा, मंग विंडोज चालू करा. ते फास्टवालं बंद नाही केलं तुमी, म्हणून बाजूले बसव हे दिसत नाही. अन् आधी कॉपी. शाम येऊ द्या, मोठी डिस्क आणाले सांगते. तोवर हात नाही लावायचा.”

जीवनचे कान लाल झालेले. त्याला बोलायचं होतं, पण आईकडे बघून बोलायची सवय, आणि आई दाराबाहेर पाय लांब करून बसलेली. शेवटी तो स्क्रीनलाच म्हणाला, “ठीक हाय.”

शाम मोठी डिस्क घेऊन आला, जुन्या पत्रिकांची कॉपी झाली, तेव्हाच पुढचं काम झालं. आता मशीन चालू केली की काळ्या पडद्यावर आधी विचारणा होते, कोणती सिस्टीम पाहिजे? जीवननं विंडोजमध्ये जाऊन पत्रिका उघडून पाहिल्या. काका काकांच्या जागी होते, मामा मामांच्या. तो उठून बाहेर गेला. उज्ज्वला मग तिच्या लिनक्समध्ये कामाला बसली.

तांड्यात बोलणं व्हायचं ते झालंच. नळावर मैनाबाईनं चार बायांदेखत सुरू केलं.

“धाकटीनं जेठापुढं तोंड उघडलं म्हणे. उंबरा वलांडला.”

“म्हणे काय? तू तं तिथंच होती,” मानीबाईनं पाण्याचा गुंड नळाखाली लावला. “मीच लावलं बोलाले.”

“तू? काहून?”

“मले होत नाही आता.”

“अन् तुयी सासू जित्ती असती तं?”

“ती असती तं तिलेच धाडली असती मधी. मी झोपली असती.”

बाया हसल्या. मानीबाई हसली नाही. गुंड भरला होता, आणि तो उचलायला कोणाला तरी हाक मारावी लागणार होती.