सुहासची प्रागची गोष्ट

सुहास गेल्याचं मला कॅनडात, मिल्टनमध्ये ग्रोसरीच्या लाइनीत कळलं. हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या. फोन वाजला, आमच्या जयंती मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा फोटो आला आणि त्याखाली एकेक जण हात जोडू लागला. जवळच्या किचनर शहरात घरासमोरचा बर्फ शोव्हल करता करता तो ड्राइव्हवेवर कोसळला, हॉस्पिटलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वय त्रेचाळीस. मी मेथी बेल्टवर ठेवली, कार्ड टॅप केलं आणि गाडीत येऊन बसले. रडू आलं नाही. आला तो राग... की आता हा माणूस कधीच खरं बोलणार नाही. त्याच रागात आठवडा गेला. नवरा म्हणाला, "गेलेल्या माणसावर किती दिवस चिडून राहशील?" पुढे त्याच्या बायकोनं, रूपालीनं फोन करून सांगितलं, "प्रज्ञाताई, त्याची सगळ्यात जुनी मैत्रीण तुम्हीच. मंडळ त्याच्यावर पुरवणी काढतंय, तिच्यासाठी तुम्हीच लिहा." मी हो म्हणाले. तिला वाटलं त्यापेक्षा वेगळ्या कारणासाठी म्हणाले.

आमची ओळख पुण्यातल्या एका सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात झाली. परदेशी शिक्षणाची जी शिष्यवृत्ती आपल्या समाजातल्या मुलांना मिळते, तिच्या मुलाखतीला आम्ही दोघं आलो होतो, मी अकोल्याहून आणि तो नागपूरहून. त्याच्याबरोबर त्याची आई होती. तिनं डबा उघडला, पोळीवर जवसाची चटणी ठेवून आधी मला दिली, मग त्याला. निघताना म्हणाली, "लेकरांनो, तिकडं एकमेकाइले सांभाळजा." यादीत आमची नावं एकाखाली एक लागली आणि दोघंही जर्मनीत ड्रेस्डेनला पोहोचलो. पहिल्या हिवाळ्यात मला सणकून ताप आला, तेव्हा तीन दिवस त्यानं मऊ भात करून मला खाऊ घातला. हे खरं आहे, म्हणून लिहिते. पण पुढच्या सेमिस्टरला पुण्याची केतकी आणि अनिरुद्ध आमच्या होस्टेलला राहायला आले आणि सुहास बदलत गेला. आधी त्याची भाषा बदलली. 'काहून' गेलं, 'का बरं' आलं. मग त्याच्या खोलीतला बाबासाहेबांचा फोटो कपाटात गेला. मी विचारलं तर म्हणाला, भिंतीला खिळा मारायची परवानगी नाही. त्याचं आडनाव आपल्यातही चालणारं होतं आणि त्यांच्यातही. माझं नव्हतं.

त्या वसंतात आम्ही चौघं वीकेंडला प्रागला गेलो. गाडी नदीच्या काठाकाठानं जाते, दोन-सव्वादोन तासांचा प्रवास. केतकीनं तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्या होत्या, आम्ही खिडकीपाशी बसून त्या संपवल्या. मी खूप खूश होते. अकोल्याच्या आमच्या घरात कोणी राज्याबाहेर गेलं नव्हतं आणि मी एका देशातून दुसऱ्या देशात शनिवार-रविवार घालवायला चालले होते. किल्ल्याच्या पायऱ्या चढून झाल्या, कॅथेड्रलच्या रंगीत काचा मान मोडेपर्यंत बघून झाल्या. दुपारी चार्ल्स पुलावर आलो. तिथे एका संताच्या पुतळ्याखाली पितळेची पाटी आहे, लोकांचे हात लागून लागून तिचा एक तुकडा लख्ख झालाय. हात लावला की इच्छा पूर्ण होते म्हणे, म्हणून ही लांब रांग. आम्हीही उभे राहिलो. गप्पा पुढच्या इंटर्नशिपवर आल्या. मला ड्रेस्डेनच्याच एका कंपनीचं पत्र आलं होतं, अनिरुद्धला नकार. तो हसतच म्हणाला, "प्रज्ञाचं बरंय. इथपर्यंत सरकारनं उचलून आणलं, पुढेही कोणीतरी नेईलच उचलून." केतकीनं नदीकडे तोंड केलं. मी सुहासकडे बघितलं. फार काही नको होतं मला. त्यानं नुसतं 'मीपण त्याच यादीतला आहे' म्हटलं असतं तरी पुरे होतं. तेही जमत नसेल तर गप्प राहायचं. पण अनिरुद्धनं त्याच्या खांद्यावर हात टाकला होता. सुहास त्या हाताखालून हसला आणि म्हणाला, "आपल्याकडे कुठे असलं काही? आपल्याला मेरिटवरच यावं लागतं."

मी रांगेतून बाहेर पडले. कोणी हाक मारली नाही. उरलेला दिवस आणि रविवारची सकाळ मी एकटीनं ते शहर पायी तुडवलं. बघितलं काय, ते आज विचारलंत तर सांगता येणार नाही. परतीच्या गाडीच्या वेळी फलाटावर सुहास दालचिनी लावलेली गोल पावासारखी गरम मिठाई घेऊन आला. इतर दोघं लांब उभे होते. "समजून घे ना," हळूच म्हणाला. "त्यांच्याबरोबर वर्ष काढायचंय." मी ती मिठाई घेतली आणि त्याच्यासमोर कचऱ्याच्या पेटीत टाकली. त्यानंतर ड्रेस्डेनमध्ये आम्ही बोललो नाही.

मी लग्नानंतर कॅनडात आले. सुहास आठ-नऊ वर्षांनी किचनरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आला, आणि मला दिसला तो थेट स्टेजवर. मार्कहॅमच्या एका शाळेच्या जिममध्ये बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम होता, पांढऱ्या कपड्यांतली मुलं पुढे बसली होती आणि निळा कुर्ता घातलेला सुहास माइकवर त्यांना सांगत होता की ओळख लपवू नका, नाव मोठ्यानं सांगा. मला बरं वाटलं. वाटलं, शिकला. मग तो म्हणाला, "मी स्टुडंट असताना प्रागला गेलो होतो..." आणि त्यानं पूल सांगितला, पितळेची पाटी सांगितली, रांग सांगितली. अनिरुद्धचं वाक्य शब्दन् शब्द सांगितलं. फक्त ते आता त्याला म्हटलेलं होतं. आणि त्याच्या गोष्टीतला सुहास ताठ उभा राहून भर पुलावर उत्तर देत होता, की हो, मी त्याच यादीतला आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मुलानंही. त्या गोष्टीत मी नव्हतेच. माझा अपमान त्यानं उचलला होता, अंगावर घातला होता आणि तो त्याला छान बसत होता.

जिमबाहेर, वॉशरूमच्या कॉरिडॉरमध्ये मी त्याला गाठलं. "मी कुठे होते त्या गोष्टीत?" एवढंच विचारलं. तो चपापला, मग म्हणाला, "मी तसं वागायला हवं होतं, प्रज्ञा. म्हणून तसं सांगतो." "जसा वागलास तसं सांग." "मुलांना त्यातून काय मिळेल? एक घाबरलेला माणूस?" मी म्हणाले, "त्यांच्यातही घाबरणारे असतील. त्यांना तोच हवाय." विचार करतो म्हणाला. पुढच्या वर्षी पुन्हा तीच गोष्ट. त्याच्या पुढच्या वर्षीही. दर वर्षी 'मी स्टुडंट असताना' ऐकलं की मी उठून मागे चहाच्या टेबलापाशी जायची आणि कप मोजत बसायची. स्वभावानं तो वाईट नव्हता. नव्यानं आलेल्या कितीतरी मुलांना त्यानं नोकरीला अप्लाय करायला शिकवलं, एअरपोर्टवरून आणलं, आपल्या बेसमेंटमध्ये ठेवलं. ते सगळे त्याच्याबद्दल जे लिहितात ते खरंच आहे. मला त्याच्याबद्दल जे माहीत आहे तेही खरं आहे.

शोकसभेत त्याची मुलगी अन्वी उभी राहिली. तेरा वर्षांची. "My dad was the bravest person I know," म्हणाली, आणि प्रागची गोष्ट सांगितली. तेव्हा मला कळलं, ही गोष्ट आता थांबणार नाही. पुढच्या शनिवारी मी किचनरला गेले. रूपालीला म्हटलं, लिहिण्याआधी तुम्हाला दोघींना सांगायचंय. तिनं जयंतीच्या कार्यक्रमासाठीचं त्याचं यंदाचं भाषण शोधून ठेवलं होतं, म्हणून आम्ही खाली बेसमेंटमधल्या त्याच्या खोलीत बसलो. भाषण अन्वी वाचणार होती. कबूल करते, ती पानं हातात घेताना मला आशा वाटली होती. तिसऱ्या पानावर पूल होता. यंदा रांगेतल्या अनोळखी लोकांनीही त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

मी सगळं सांगितलं. रूपालीनं माझ्या हातातली पानं घेऊन टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "इतकी वर्षं दर जयंतीला तुम्ही समोर बसलात आणि बोलला नाहीत. आता तो उत्तर देऊ शकत नाही, तेव्हा आलात." मी म्हणाले, त्याला सांगितलं होतं. "मला नाही सांगितलं." ती उठली. "लिहायचं ते लिहा. मला पाठवू नका." जिन्यावर तिची पावलं ऐकू आली, मग वर नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला.

अन्वी वडिलांच्या खुर्चीत बसून होती. खुर्ची तिला उंच होत होती, पाय लटकत होते. "So he was scared," म्हणाली. मी हो म्हटलं. "Were you?" तिनं विचारलं. हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, हो, फार. परक्या शहरात एकटी चालत होते, रस्ता चुकत होते, आणि परत त्यांच्यात जावं लागणार होतं. तिनं पानं बाजूला सारली. मग लॅपटॉप उघडला. वडिलांची फाइल तशीच ठेवली आणि शेजारी नवीन उघडली.

"मावशी, तुझं आडनाव स्पेल कर," ती म्हणाली. मी एकेक अक्षर सांगत गेले, ती टाइप करत गेली.