फूटपाथवरची गाडी

सुक्या जवळ्याचा वास आला की मला मुलुंडचा आमचा फूटपाथ आठवतो. ऐंशीच्या दशकात समोरच्या सोसायटीचा सेक्रेटरी तिथे नवी गाडी लावू लागला. एकदा बसस्टॉपकडे निघालेली आई त्या गाडीमुळे रस्त्यावर उतरली आणि टेम्पोच्या धक्क्याने हात मोडून बसली. “मग नीट बघून चालावं ना!” सेक्रेटरी म्हणाला. झालं! त्याच फूटपाथवर जवळा वाळवणाऱ्या कोळीणमावशीला मी गाठलं. दुसऱ्या दुपारी तिने गाडीच्या तापलेल्या टपावर ओला जवळा ऐसपैस पसरला. सेक्रेटरी किंचाळत आला. मावशी म्हणाली, “गारी माजे जागेवर आली, मंग जवला गारीवर गेला!” वासामुळे त्याची बायकोही गाडीत बसेना, तेव्हा गाडी मुकाट सोसायटीच्या आवारात गेली. प्लास्टरमधला हात मिरवत आई त्याच्या खिडकीसमोरून उगीचच चार फेऱ्या मारून आली. मला अजूनही जराही वाईट वाटत नाही.