तक्रारअर्ज आणि साखऱ्याची वाट

जालन्याच्या बसस्थानकावर शनिवारी सकाळी साडेसहाला भास्करराव बाकावर बसले होते आणि मी उभा होतो, कारण त्यांच्या शेजारच्या जागेवर पेटी बसली होती. पेटी म्हणजे हार्मोनियम. तिला खाली ठेवा म्हटलं, तर फरशी ओली आहे म्हणाले. फरशी ठणठणीत कोरडी होती. मी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून उभा जन्म काढला, त्यातली बरीच वर्षं याच फरशीवर. ओली फरशी मला ओळखू येते. पण प्रवास लांबचा होता आणि भांडण सेनगावपर्यंत पुरवायचं होतं, म्हणून मी गप्प बसलो. म्हणजे गप्प उभा राहिलो.

आम्हा दोघांना आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मुद्दाम एकत्र धाडलं, याबद्दल मला शंका नाही. आमच्या मंडळीत (चर्चच्या सगळ्या सभासदांना मिळून आम्ही मंडळी म्हणतो) वर्षभर एकच विषय चालू होता. तरुण पोरांनी कीबोर्ड आणला, त्याच्या जोडीला दोन मोठे स्पीकर आणले, आणि भास्कररावांची पेटी कोपऱ्यात गेली. तेव्हापासून भास्करराव उपासनेत हाताची घडी घालून बसतात. मला पेटीचं सोयरसुतक नव्हतं, माझं भांडण स्पीकरशी. तो नेमका तिसऱ्या बाकाच्या डोक्यावर टांगलाय आणि तिसरा बाक माझा. माझे वडीलही तिथंच बसायचे. याशिवाय पंख्याखाली कोण बसणार, पाळकसाहेबांचा संदेश (प्रवचन) इतका लांबतोच का, उपासनेनंतरचा चहा कागदी कपात का देतात, हे असतंच. पंच कमिटीच्या बैठकीत दोन मिनिटं प्रार्थना आणि दोन तास तक्रारी, असा आमचा शिरस्ता.

शेवटी जुनी पेटी सेनगाव तालुक्यातल्या एका लहानशा मंडळीला द्यायची ठरली. पोहोचवायला भास्करराव आणि सोबतीला मी. निदान एक रविवार तरी शांततेत जावा, असा पाळकसाहेबांचा विचार असणार. मीही कच्चा नव्हतो. सदऱ्याच्या खिशात स्पीकरविरुद्धचा अर्ज ठेवला होता, जाड कागदावर, सुवाच्य अक्षरात. वाटेत भास्कररावांची सही घ्यायची आणि परत आल्यावर पाळकसाहेबांच्या हातात द्यायचा.

गाडी वेळेवर सुटली, त्यामुळे मला बोलायला काही उरलं नाही. मंठा गेलं, जिंतूर आलं. जिंतूरला चहा घेताना मी अर्ज काढला. भास्कररावांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, यात पेटीचा उल्लेख कुठं आहे? मी म्हटलं, हा स्पीकरचा अर्ज आहे. मग तुमचीच सही पुरे, म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला. मी कागदाची घडी करून पुन्हा खिशात घातला. येलदरीच्या धरणाचं पाणी खिडकीतून लांबवर चमकत होतं, पण खिडकी त्यांची होती आणि ते झोपले होते, पेटीवर हात ठेवून.

येलदरी मागं पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर लागली. सोयाबीन निघून रानं मोकळी झालेली, मधूनच कापसाच्या पट्ट्यात बायका वाकलेल्या, आणि तुरीवर पिवळा फुलोरा. हे बघून मन जरा निवळलं, तेवढ्यात सेनगाव आलं.

सेनगावहून साखऱ्याकडं जीप. जीपवाल्यानं पेटी उचलली आणि टपावर खताच्या गोण्यांवर नेऊन ठेवली. भास्कररावांचा चेहरा उतरला. ती मांडीवर घेतो म्हणाले, पण त्यांच्या मांडीवर आधीच एका बाईची पिशवी येऊन बसली होती. "काका, काहून घाबरून राहिले? दोरी बांधली ना बराबर," जीपवाला म्हणाला. पुढच्या सबंध वाटेत प्रत्येक खड्ड्याला टपावरून एक बारीक सूर निघायचा आणि भास्करराव डोळे मिटायचे. मी मनात म्हटलं, आता कळेल, आवाज डोक्यावरून आला की काय होतं.

साखऱ्याच्या पुढं तीनेक किलोमीटरवर ती वस्ती आहे. तिचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना अजून तिथंच राहायचं आहे. तिथल्या मंडळीतला याकोब आम्हाला न्यायला मोटारसायकल घेऊन आला होता. चाळिशीचा, उन्हानं रापलेला शेतकरी. त्याने वाकून सलाम केला, भास्कररावांना मागं बसवलं, त्यांच्या मांडीवर पेटी दिली आणि तुम्हाला न्यायला परत येतो म्हणाला. मी म्हटलं, येऊ नकोस, चालतो. रागात माणूस चांगला चालतो.

वाटेत तांडा लागला. तिथून एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ माझ्यासोबत चालायला लागले. ते तांड्याचे नाईक (तांड्यातला मानाचा, शब्द चालणारा माणूस) निघाले. कुणाकडं, कशाला, हे विचारून झाल्यावर पेटी तुमचीच का, असं त्यांनी विचारलं. मग याकोबच्या वडिलांबद्दल आपणहून सांगत राहिले. म्हातारा ज्वारीच्या राखणीला माळ्यावर (शेतातल्या मचाणावर) बसायचा आणि पहाटे त्याचं देवाचं गाणं सुरू व्हायचं. आवाज असा की तांड्यावर ऐकू यायचा.

"आमच्या बाया त्याच्या गाण्यावर उठायच्या," नाईक म्हणाले. "आता घड्याळ लावावं लागतंय."

याकोबच्या घरी ज्वारीची भाकरी, ठेचा आणि येसराची आमटी (येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं नि मसाल्याचं पीठ) असं जेवण झालं. आमटी इतकी झणझणीत की भास्करराव बोलायचे थांबले, त्यासाठी मी दोनदा वाढून घेतली. वाढत होती याकोबची आई. तिला सगळे माय म्हणत. लहानखुरी, काटक म्हातारी. ती सगळं काही हळू बोलायची, इतकं हळू की मी दर वेळी कान पुढं करायचो आणि मनातून वैतागायचो. थोड्या वेळानं लक्षात आलं, घरातले सगळेच तसे बोलतात.

याकोबनं मग सांगितलं. इथं तीनच ख्रिस्ती घरं, आज्यापासूनची. दीड वर्षापूर्वी त्यांच्या रविवारच्या गाण्यावर काही जणांनी हरकत घेतली. मारहाण झाली नाही, पण बोलाचाली झाली, दारात माणसं येऊन उभी राहिली, आणि तीन घरांनी धसका घेतला. प्रार्थना करा, पण आवाज बाहेर येऊ देऊ नका, असं ठरलं. तेव्हापासून ते कुजबुजत गायचे. त्यातच वडील गेले. त्यांना शेताच्या कोपऱ्यात पुरलं तेव्हाही त्यांचं आवडतं गीत ओठातल्या ओठात म्हटलं. गेल्या महिन्यात गावची बैठक बसली. नाईक तांड्यावरून मुद्दाम आले आणि म्हणाले, देवाचं नाव मोठ्यानं घ्यायला कुणाची मनाई? वाद मिटला. उद्या रविवार, आणि वडिलांना जाऊन वर्ष होत होतं. मायचं एकच मागणं होतं, त्यांचं गीत उद्या मोठ्यानं व्हावं. म्हणून पेटी.

मी खिशावर हात ठेवला. आतला कागद कडक लागला.

सकाळी नऊला घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही बसलो. मोजून अकरा माणसं, सतरंजीवर. पंखा नव्हता, त्यामुळे त्याच्याखाली कोण बसणार हा प्रश्न नव्हता. भास्कररावांनी भाता उघडला आणि पेटीतून एकच सूर निघाला तो निघतच राहिला. खड्ड्यांनी काम केलं होतं. एक पट्टी खाली बसली होती, वर येईना. त्यांनी ठोकून पाहिलं, फुंकून पाहिलं, शेवटी भाता मिटून माझ्याकडं असं पाहिलं, जणू जीप मीच चालवत होतो.

पेटीशिवाय सुरू करू, असं याकोब म्हणाला. उठला, शेडचं दार लावलं, कडी घातली आणि दाराखालच्या फटीत पोत्याचा तुकडा सरकवला. मग खाली बसून त्याने खूण केली आणि सगळ्यांनी गायला सुरुवात केली. ओठ हलत होते. ताल दोन बोटांनी गुडघ्यावर चालला होता. टाळी वाजवायची तिथं ते तळहात एकमेकांवर नुसते टेकवत होते, सगळे एका वेळी. आवाज मात्र वाऱ्याइतकाच. कुणाला काही चुकतंय असं वाटत नव्हतं. त्यांना आता गाणं म्हणजे हेच वाटत होतं.

मायनं हात वर केला. सगळे थांबले.

"असं न्हाई," ती म्हणाली. "असंच पुरलं त्यान्ला."

याकोबनं मान खाली घातली. त्याने पुन्हा सुरुवात केली, तोंड उघडलं, आणि पुन्हा कुजबुजच आली. दुसऱ्यांदा तेच. त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या, पण आवाज गळ्यातून वर येत नव्हता. मला ते बघवेना. मी कधी गाणारा माणूस नव्हे. सूर माझ्याशी फटकून वागतो. पण वर्षानुवर्षं मी बसस्थानकावर गाड्यांची नावं पुकारली आहेत, आणि माईक बंद पडला तरी शेवटच्या फलाटावरचा माणूस धावत यायचा. मी उभा राहिलो आणि ते ओळखीचं गीत त्याच आवाजात सुरू केलं. पत्रा दणाणला. एक पोरगी दचकून आईला बिलगली. भास्कररावांनी कपाळावर हात मारला, पण लगेच खालून सूर धरला, नाहीतर मी कुठं गेलो असतो कोण जाणे.

दुसऱ्या ओळीला दार वाजलं.

सगळे गप्प झाले. मीही. त्या एका क्षणात मला कळलं, दीड वर्ष या माणसांनी काय काढलं असेल. याकोबनं जाऊन कडी काढली. दारात नाईक उभे होते.

"काहून थांबले?" ते म्हणाले. "मी केव्हाचा बाहेर उभा राहून ऐकून राहिलो. दार उघडं ठेवा ना. तांड्यावर म्हातारी माणसं बसलीत, त्यान्ला ऐकू यीना."

माझ्या हयातीत मी उपासनेबद्दलच्या शेकडो तक्रारी ऐकल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्या स्वतः केल्या आहेत. ही अशी पहिलीच.

नाईक उंबऱ्याशीच टेकले. दार उघडं राहिलं, आणि मग माय गायला लागली. तिचा आवाज फाटका, चिरका आणि प्रचंड होता. एवढ्याशा देहात तो कुठं ठेवला होता कुणास ठाऊक. सुरात ती माझ्यापेक्षाही लांब होती. तिच्यामागून याकोबचा गळा सुटला, मग बाकीच्यांचा, आणि तळहात खरोखर वाजले. मी रडलो. भास्कररावही रडत होते, पण ते घाम आला म्हणाले.

मग शेतातल्या थडग्यापाशी गायला पेटी हवी होती. भास्कररावांनी बसलेली पट्टी नखानं वर उचलून धरली आणि म्हणाले, याच्याखाली जाड कागदाची घडी सारायला पाहिजे, म्हणजे सूर बंद होईल. याकोबच्या घरात वहीचा कागद होता, तो पातळ. भास्कररावांनी माझ्या खिशाकडं पाहिलं. मी अर्ज काढला आणि दिला. त्यांनी त्याच्या चार घड्या करून पट्टीखाली दाबला. तो सूर बंद झाला, बाकीची पेटी वाजली.

परतीच्या गाडीत खिडकी मला मिळाली. येलदरीचं पाणी निवांत पाहिलं आणि देवाचे आभार मानले, त्या कर्कश स्पीकरबद्दल, माझ्या ठरलेल्या बाकाबद्दल, आणि दर रविवारी दारं सताड उघडी टाकून वाटेल तेवढं ओरडण्याची जी मोकळीक मी जन्मभर गृहीत धरली तिच्याबद्दल. भास्कररावांना हे सांगायला वळलो, तर ते म्हणाले, खिडकी लावा, वारा लागतोय. आमचं जिंतूरपर्यंत त्यावरून चाललं.

पुढच्या रविवारी स्पीकरनं डोकं उठलंच. ते काही बदललं नाही. उपासनेनंतर पाळकसाहेबांनी हसत विचारलं, तुम्ही अर्ज देणार होतात ना? मी म्हटलं, तो सेनगाव तालुक्यात कामाला लागलाय. ते काय समजले माहीत नाही. मी कागदी कपातला चहा घेऊन बाहेर आलो, तेवढ्यात याकोबचा फोन आला.

"काका, तुमी मोठी माणसं, तुमीच मायला समजवा," तो म्हणाला. आता तो फोनवर चांगला मोठ्यानं बोलत होता. "लय मोठ्यानं गाऊन राहिली ती. आमाला कुणाला सूरच सापडंना. लय तकलीफ झालीय."

मी चहाचा कप कट्ट्यावर ठेवला.

"याकोब," मी म्हटलं, "लेखी अर्ज दे."